मोहदरीचा काठ

"आज कालच्यापेक्षा खालनं जाऊ," मामाजी म्हणाले आणि बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा आवळून बांधू लागले.

मे महिना संपत आला होता. सूर्य अजून जंगलाच्या वर आला नव्हता, तरी धरणाच्या भिंतीचे दगड कालच्या उन्हाने कोमट होते. मोहदरीचं पाणी इतकं आटलं होतं की एरवी बुडालेली बाभळीची खोडं उघडी पडली होती. काळी, बिनफांद्यांची, चिखलात उभी केल्यासारखी. पलीकडे सागाचं रान पानं गाळून करडं झालं होतं.

"खाली चिखल असेल, मामाजी."

"वरचा थर वाळला असेल. बघत बघत जाऊ. तू माझ्या मागेच राहा."

ते निघाले. मी मागे निघाले.

मामाजी म्हणजे माझे सासरे, भास्कर गुल्हाने. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना कवायत आणि खो-खो शिकवला. निवृत्त झाल्यावर सकाळी बागेत फेरी आणि संध्याकाळी बातम्या, एवढंच त्यांचं जग होतं. धावायचा तो निशिकांत. त्यांचा मुलगा, माझा नवरा. तंत्रनिकेतनात शिकवायचा आणि सुट्टी मिळाली की मोहदरीला पळायचा. डांबरी रस्त्यावर पळणाऱ्यांना तो हसायचा. "रानवाटेवर पाय कुठे टाकायचा हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं, तिथे डोक्यात दुसरं काही राहतच नाही," असं म्हणायचा. शहरापासून अर्ध्या तासावर एवढं जंगल आणि एवढं पाणी, आणि लोक मॉलमध्ये जातात, याचं त्याला खरंच वाईट वाटायचं. त्याच्या नादाने दहा-बाराजणांचा गट तयार झाला होता. मी त्यातली नव्हते. आमची गार्गी तेव्हा तीन वर्षांची होती आणि मला सकाळची झोप प्यारी होती.

आदल्या ऑक्टोबरात एका पहाटे निशिकांत एकटाच धावायला गेला आणि परत आला नाही. गाडी धरणाच्या फाटकाशी उभी होती. कुलूप लावलेली. आत मोबाइल आणि घड्याळ. धरण काठोकाठ भरलेलं होतं. पाणबुडे आले, बोटी फिरल्या, वनखात्याच्या माणसांनी रान पिंजून काढलं, त्याच्या गटाची मुलं आठवडाभर दऱ्याखोऱ्यांत हाका मारत फिरली. काही सापडलं नाही. मग लोकांची तोंडं सुटली. बिबट्याने ओढून नेला. कुणाबरोबर तरी पळून गेला. कुणाच्या मेव्हण्याला तो भुसावळच्या फलाटावर दिसला. सासूबाई या शेवटच्या बातमीला चिकटून बसल्या. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहून त्या रोज सकाळी म्हणायच्या, "आहे, आहे माझा लेक. रागावला असेल कशाने तरी. येते पाहा."

मी नोकरीवर जात होते, गार्गीला भरवत होते आणि रात्री दिवा न मालवता पडून राहत होते. अशात डिसेंबरात एक दिवस मामाजी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. पायात कॅनव्हासचे नवे बूट.

"शुभदा, सकाळी पळायला येशील?"

"मी? कुठे?"

"मोहदरीला."

मला वाटलं, माझ्यासाठीच हे सगळं आहे. सून खचत चाललीय, तिला बाहेर काढलं पाहिजे, असं त्या जुन्या मास्तरने ठरवलं असणार. मी गेले. पहिल्या आठवड्यात मला भिंतीच्या टोकापर्यंतही पळता आलं नाही. पण ते रागावले नाहीत. "श्वास मोज, पाय मोजू नको," एवढंच म्हणायचे. हळूहळू मला जमायला लागलं. त्यातलं एक मात्र मला विचित्र वाटायचं. निशिकांतचा गट जंगलातल्या वरच्या पायवाटेने जायचा. मामाजी नेहमी पाण्याच्या कडेकडेने. पाणी जसजसं उतरत गेलं, तसतशी आमची वाटही उतरत गेली. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "खालची माती मऊ आहे, माझे गुडघे म्हातारे झाले."

त्या सकाळी आम्ही बाभळींच्या रांगेपर्यंत पोचलो. चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या आणि पायाखाली त्या कुरकुरत होत्या. पुढे एक जुना ओढा धरणात उतरतो, त्याची घळ या वर्षी पहिल्यांदाच उघडी पडली होती. मामाजी घळीच्या काठावर थांबले. धावताना ते कधीच थांबत नसत, म्हणून मला आधी वाटलं, त्यांच्या छातीत काही झालं.

"मामाजी?"

त्यांनी मागे न पाहता हात वर केला. शाळेच्या मैदानावर पोरांना थांबवायचे तसा.

"तिथेच थांब. येऊ नको."

ते घळीत उतरले. मला त्यांची पाठ आणि पांढरं डोकं दिसत होतं. ते गुडघ्यावर बसले. बराच वेळ काही हललं नाही. मग त्यांचा उजवा हात हलला आणि घळीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पुन्हा हात. पुन्हा आवाज. सावकाश, एकेक करून ते काहीतरी पाण्यात टाकत होते.

मला वाटलं त्यांचं डोकं फिरलं. मी खाली उतरले.

तो तिथे होता, एवढंच मी सांगते. बाभळीच्या मुळांत अडकलेला. चेहऱ्यावरनं ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी ओळखलं ते त्या निळ्या जाकिटावरनं. लांब पळणारे लोक अंगावर घट्ट बसणारं एक बिनबाह्यांचं जाकीट घालतात, त्याला छातीशी दोन खोल खिसे असतात, पाण्याच्या बाटल्या ठेवायला. ते मी त्याच्या वाढदिवसाला दिलं होतं. चिखलाने भरलेलं होतं, पण रंग गेला नव्हता.

बाटल्यांच्या खिशांत दगड होते. धरणाच्या काठावर असतात तसे काळे, गोल, मुठीत मावणारे. एक खिसा मामाजींनी रिकामा केला होता. दुसऱ्यातला शेवटचा दगड त्यांच्या हातात होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत रडू नव्हतं. चोरी करताना धरल्या गेलेल्या माणसाचे डोळे होते ते.

"शुभदा, तू हे पाहिलं नाहीस."

"मी पाहिलंय."

"वर जा. गार्गीची शपथ आहे तुला."

"मी पाहिलंय, मामाजी."

त्यांनी हातातला दगड पाण्यात टाकला. वर्तुळं घळीच्या भिंतीला लागून विरेपर्यंत ते तिकडेच पाहत राहिले. मग एकदम थकल्या आवाजात म्हणाले, "मग मागची चेन उघड. माझ्या बोटांनी होत नाही."

मी त्या क्षणी काय विचार केला, हे मला नंतर अनेकदा स्वतःला विचारावं लागलं. खरं सांगायचं तर विचार केलाच नाही. मी गुडघे टेकले. जाकिटाच्या पाठीवरची चेन चिखलाने जाम झाली होती. ओढणीच्या टोकाने मी ती पुसली, दातांनी ओठ दाबून ओढली. आतही दगड होते. ते मी काढले. मामाजी हात पुढे करायचे, मी दगड त्यांच्या हातात द्यायची, ते पाण्यात सोडायचे. शेवटी जाकीट त्याच्या अंगावर सैल पडलं तेव्हा मामाजींनी ते नीट केलं. शाळेत जाणाऱ्या पोराचा सदरा आपण नीट करतो तसं.

आम्ही घळीबाहेर येऊन बसलो. ऊन आता बाभळींच्या टोकांवर आलं होतं. एक टिटवी ओरडत डोक्यावरनं गेली. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून." त्यांनी चिखलाचे हात मांडीवर उलटे ठेवले होते, दुसऱ्याचे असल्यासारखे. "सकाळी उठून मी चहा ठेवायला गेलो. त्याच्या दोन्ही बाटल्या ओट्यावर उपड्या होत्या. धुतलेल्या. मला वाटलं, विसरला. मग गाडी सापडल्याचा फोन आला. आत घड्याळ, आत मोबाइल. घड्याळाशिवाय तो कधी दुकानापर्यंत तरी पळला होता का?"

"मग बाटल्या कुठे गेल्या? पोलिसांनी मला विचारलं होतं, सोबत पाणी नेलं होतं का म्हणून. तुम्हीच हो म्हणालात."

"रद्दीच्या पोत्यात घालून देऊन टाकल्या."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. इतके महिने. तो भुसावळला दिसला म्हणून मी तिथे जाऊन आले होते. त्याचा फोटो दाखवत फलाटावर भजीवाल्यांना विचारत फिरले होते. दर गुरुवारी सासूबाई उपास करत होत्या. आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं.

"का?" मी ओरडले असेन, कारण टिटवी पुन्हा उडाली. "आम्हाला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुझ्या सासूला सांगू, की तुझ्या पोराला तुझ्या हातचं खाऊन, तुझ्या घरात राहून, जगावंसं वाटलं नाही?" मग माझ्याकडे वळले. "आणि तुला? लोक आधी बायकोकडे बोट दाखवतात, शुभदा. घरात काय चाललं होतं, विचारतात. गार्गीलाही विचारतील, मोठी झाल्यावर. बाप घसरून पडला, हे पोरीला सांगता येतं."

"काय चाललं होतं त्याच्या मनात?"

"मला नाही माहीत. तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. तो हसायचा, गार्गीला खांद्यावर घेऊन गच्चीत फिरायचा. त्या वर्षी तो रात्री फार जागायचा, जेवताना मध्येच थांबायचा. मी विचारलं की म्हणायचा, "थकलोय थोडा." आम्ही सगळेच थकलेले होतो. त्यात मला वेगळं काही दिसलं नव्हतं.

"पाणी उतरलं की तो वर येणार, हे मला कळत होतं," मामाजी म्हणाले. "आधी गुराख्याला सापडला असता, मासेमाऱ्याला सापडला असता. खिशांत काय आहे ते गावभर झालं असतं. म्हणून मी रोज येत होतो."

"पण मग मला का आणत होतात? मला हे दाखवायला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बोलले तेव्हा आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं.

"एकटा आलो असतो तर परत आलो असतो की नाही, याचा मला भरवसा नव्हता. तू मागे असायचीस. तुला घरी पोचवायचं आहे, एवढं मनात ठेवलं की मी वळायचो."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोघांच्याही बोटांवर तोच चिखल होता. मग आम्ही उठलो, पाण्याशी जाऊन हात धुतले आणि पोलिसांना फोन लावला.

पंचनामा झाला. हवालदार भला माणूस होता, त्याने मला सावलीत बसवलं. कवटीला मार होता की नव्हता, हे नंतर डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. इतक्या महिन्यांनी कळत नाही म्हणाले. वरच्या पायवाटेवर ओढ्यापाशी एक उतार आहे, पावसाळ्यानंतर शेवाळलेला असतो. तिथून घसरून पडला असावा, असं सगळ्यांनी ठरवलं. आम्ही फक्त नाही म्हटलं नाही.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. कुणीतरी आधीच फोन केला होता. त्या रडत नव्हत्या. मला दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी विचारलं, "घसरला न तो? घसरलाच न गं?"

"हो, आई. तिथे फार निसरडं आहे."

"मी सांगत होते त्याला, पावसाळ्यात जाऊ नको बाप्पा तिकडे, पाय घसरते..." आणि मग त्या खाली बसल्या. त्यांना खरंच त्या एका वाक्याचा आधार होता. वारल्या तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला त्या ते सांगत राहिल्या. माझा लेक काठावरनं घसरला. निशिकांतच्या गटातल्या मुलांनी त्या उतारावर दगडी पायऱ्या बांधल्या आणि वळणावर पाटी लावली, 'सावकाश, वाट निसरडी आहे.' दर ऑक्टोबरात ते त्याच्या आठवणीत धरणाभोवती धावतात. मला बोलावतात. मी एकदाच गेले होते. त्या भक्कम पायऱ्यांवर सगळे पाय जपून टाकत होते, ते मला पाहवलं नाही.

मामाजी त्यानंतर कधी धावले नाहीत. तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही. एका घरात राहून, एका ताटलीतले पोहे खाऊन, पंधरा वर्षं.

गार्गी पुण्याला शिकायला गेली. फोन रोज यायचा, मग एक दिवसाआड, मग मीच करायला लागले. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी तिने फोन उचलला आणि बोललीच नाही.

"गार्गी? बरं वाटत नाही का?"

"बरी आहे. थकलेय थोडी."

मी हातातलं काम खाली ठेवलं. "झोप लागते का?"

"नाही लागत." मग, "आई, सकाळ झाली की मला वाटतं, का झाली? काही झालं नाहीये गं. परीक्षा बरी गेली. कुणाशी भांडण नाही. पण अंघोळीला उठायचं म्हटलं तरी सगळं जड वाटतं. मी वेडी झालेय का?"

"नाही. मी निघते. मी येईपर्यंत खोलीत एकटी राहू नको. प्राजक्ताला फोन दे."

प्राजक्ता तिची खोलीतली मैत्रीण. तिला मी सगळं समजावून सांगितलं, आणि मग मागच्या अंगणात गेले. मामाजी तिथे बसले होते. आता ऐंशीच्या घरातले, काठी टेकत चालणारे. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"मी पुण्याला चालले. गार्गीला बरं नाही." काय ते सांगितलं. "मी तिला निशिकांतचं सांगणार आहे. खरं."

"आता? अशा वेळी? तिच्या डोक्यात नसलेलं भरशील तू."

"डॉक्टरांनाही सांगावं लागेल. बापाला हा आजार होता, हे त्यांना कळलंच पाहिजे. आणि मामाजी, तिला वाटतंय असं होणारी ती एकटीच आहे. निशिकांतलाही तसंच वाटलं असेल. त्याने आपल्याला सांगितलं नाही. आता आपण तिला न सांगून..."

ते काठीकडे पाहत बसले.

"ती मला विचारेल, आबा, तुम्ही खोटं का बोललात?"

"विचारेल."

"मग मीही येतो. तुला कशाला उत्तर द्यायला लावू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या वसतिगृहासमोरच्या बागेत बसलो होतो. गार्गी वाळली होती. केस कितीक दिवसांत विंचरलेले दिसत नव्हते. मी सुरुवात केली, पण मामाजींनी माझा हात दाबला आणि स्वतःच बोलू लागले. बाटल्यांपासून घळीपर्यंत. काही गाळलं नाही. दगडही नाहीत. "माझी चूक झाली असेल पोरी," शेवटी म्हणाले. "मी त्याची लाज राखायला गेलो. आजाराची काय लाज असते?"

गार्गी रडेल, उठून जाईल, आमच्यावर ओरडेल, मी सगळ्याला तयार होते. ती नुसती बाकावरचा रंग नखाने खरवडत राहिली.

"बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं? तुला पण नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"आबा, तुम्हाला?"

"नाही बेटा. आणि मी विचारलंही नाही."

तिने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते.

"मला पण येतात मनात," ती म्हणाली. "तसे विचार. महिना झाला. मी कुणाला बोलले नाही." मग मामाजींच्या सुरकुतलेल्या मनगटाला तिने दोन्ही हातांनी गच्च धरलं. "मी सांगतेय, आबा. मी तुम्हाला सांगतेय."